ज्याच्या मांडीवर पिशवी

थोरलीला धाकटीचा संसार तोंडपाठ होता. धाकटीच्या घराला खिडक्या किती, खिडक्यांना पडदे किती, त्यातले नवे कुठले आणि धुऊन पुन्हा लावलेले कुठले, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. स्वतःच्या घरातलं मीठ संपलेलं तिला दोन-दोन दिवस कळायचं नाही. पण धाकटीकडे नवी खुर्ची आली की संध्याकाळच्या आत तिच्या पोटात दुखायला लागायचं. हे दुखणं डॉक्टरला सापडणारं नव्हतं, आणि त्याचं मूळ तर रस्त्याच्या पलीकडे राहत होतं.

दोघी सख्ख्या बहिणी एकाच गावात दिल्या होत्या. एकमेकींना आधार होईल, असा आईबापांचा हिशेब. हिशेब करणाऱ्यांनी रस्त्याची रुंदी मोजली नव्हती. अलीकडे थोरली, पलीकडे धाकटी, आणि मध्ये एवढाच रस्ता की पलीकडे कढई तापली की अलीकडे डोळे चुरचुरावेत.

थोरलीचा नवरा गवंडी. त्याची भिंत ओळंब्याला कधी लाजली नाही. धाकटीचा नवरा याच गवंड्याच्या हाताखाली पाणी मारायला होता. नव्या भिंतींवर रबरी नळी धरून सकाळ-संध्याकाळ उभं राहायचं, एवढंच काम. म्हणून सगळे त्याला पाण्या म्हणत. त्याला थापी कधी धरता आली नाही. पण जीभ होती, आणि पुढे मोबाइल आला. अमक्याला मजूर हवेत, तमक्याला काम हवं, मध्ये पाण्या. मध्ये उभं राहणाऱ्याचं पोट दोन्हीकडून भरतं. बघता बघता पाण्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं, दारात जीप आली आणि लोक त्याला शेठ म्हणू लागले. ठेकेदाराला परवाना लागतो, असं कुणी म्हणालं की तो हसायचा. "परवाना गाडीला लागतो. माणसाला जीभ पुरते."

थोरली घरात त्याला पाण्याच म्हणायची. बाहेर मात्र शेठ. काम कोण देणार मग?

त्या उन्हाळ्यात गावाबाहेर धान्याचं मोठं गोदाम निघालं. कंपनी शहरातली. तिचा एक साहेब गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून सकाळी चक्कर मारायचा आणि उन्हं वर आली की नाहीसा व्हायचा. पाऊस यायच्या आत भिंती वर जायला हव्या होत्या. भिंतींचं काम शेठनं घेतलं आणि तो थोरलीच्या दारात आला.

"साडूबुवा, मुख्य गवंडी तुम्ही. तुमच्यासारखा हात मला कुठं मिळणार?"

गवंड्यानं विचारलं, "पैसे वेळेवर?"

"घरचं काम आहे. घरात कुणी वेळ बघतं का?"

हे उत्तर होतं की नव्हतं, याचा गवंडी विचार करत होता. चौकटीला टेकून उभी असलेली थोरली पुढे झाली.

"माझी एक अट आहे. शनिवारचा पगार आमच्या हातून वाटायचा. पैसे आमच्याकडे यायचे आणि मजुरांनी ते आमच्याकडून घ्यायचे. हे मोठे साडू आहेत. कालपर्यंत हाताखाली होता त्याच्यापुढे आज हात पसरतात, असं लोकांनी बोलायला नको."

शेठनं कप खाली ठेवला. थोरलीकडे बघितलं. मग त्याच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, जसं ओल्या भिंतीवर पाणी पसरतं.

"ताई, माझ्या मनातलं बोललात! आणि माणसंसुद्धा साडूबुवांनीच बोलवावीत. त्यांच्या शब्दाला मान आहे."

चहाच्या टपरीवर बिल आलं की ज्याला बुटाची नाडी आठवते, तो माणूस एवढ्या चटकन हो म्हणाला, तर शहाण्या बाईनं दार लावून विचार करावा. थोरलीनं त्याला आणखी एक कप चहा दिला.

काम सुरू झालं. गवंडी परांचीवर आणि थोरली खाली, बाकीच्या बिगारणींच्या ओळीत. सिमेंट, वाळू आणि पाणी कालवून केलेला माल घमेल्यात भरायचा, घमेलं डोक्यावरच्या चुंबळीवर चढवायचं, शिडीच्या पायऱ्या मोजत वर द्यायचं आणि रिकामं घेऊन उतरायचं. दुपारपर्यंत मान अशी व्हायची की कुणी हाक मारली तर सगळ्या अंगानं वळावं लागायचं. सिमेंटनं बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या आणि जेवताना त्यांत मीठ जायचं. थोरलीला या सगळ्याचं काही नव्हतं. सोमवारपासून ती शनिवारवर डोळा ठेवून असायची.

शनिवारी काम सुटायच्या आधी धाकटी स्कूटरवरून यायची. डोळ्यांवर काळा चष्मा, पायांत उंच चपला. वाळूतून त्या चपला सांभाळत ती यायची आणि कापडी पिशवी थोरलीच्या हातात द्यायची. "ताई, हे बघ गं. मला घाई आहे." तिला नेहमी घाई असायची. कशाची, ते थोरलीला कळत नसे. घरात तर दोन बायका कामाला होत्या.

मग थोरली हातपाय धुवायची, डोक्याचं मळकं फडकं काढून धुतलेलं बांधायची आणि ब्लॉकच्या थप्पीवर चढून बसायची. पिशवी मांडीवर. शेजारी गवंडी उभा राहून एकेकाला हाक मारायचा आणि थोरली अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजायची. पहिल्या शनिवारी बिगारणी तिला ताई म्हणत होत्या. तिसऱ्या शनिवारी बाई म्हणू लागल्या. हा बदल तिनं मागितला नव्हता, पण नाकारलाही नाही. एखादी घाईनं हात पुढे करायची, तेव्हा थोरली मुद्दाम नोटा परत मोजायची.

बिगारणींत एक उंच बाई होती. तिला सगळे शिडी म्हणत. परांचीवर न चढता ती घमेलं वर देऊ शकायची आणि तिची जीभही तेवढीच लांब होती. एका आठवड्यात तिचं मूल तापलं, म्हणून ती दुपारी घरी गेली. शनिवारी थोरलीनं तिचा अर्धा दिवस कापला.

"अगं, शेठ नाही म्हणाला कापायचं," शिडी म्हणाली. "मी सांगून गेले होते."

"सांगून गेलीस म्हणून अर्धाच कापला."

"तू तरी कधीपासून शेठाणी झालीस गं?"

बायका हसल्या. थोरलीनं पिशवीचं तोंड आवळलं. "पुढच्याला बोलवा," ती नवऱ्याला म्हणाली. गवंड्यानं खाली बघत पुढची हाक मारली.

कापलेले पैसे तिनं स्वतःकडे ठेवले नाहीत, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. परक्याच्या पैशात ती आरशासारखी चोख होती. उरलेली पिशवी घेऊन ती रस्ता ओलांडून गेली आणि अर्ध्या दिवसाचे पैसे धाकटीच्या हातावर ठेवले. धाकटीनं ते न बघता पर्समध्ये कोंबले. न मोजता! थोरली घरी आली आणि रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. पैसे असणं वेगळं आणि मोजायची गरज नसणं वेगळं. पहिलं तिनं कसंबसं सहन केलं असतं.

आता खरी गोष्ट. त्या पिशवीत सगळ्यांचा पगार असायचा, फक्त दोघांचा नसायचा. गवंड्याचा आणि थोरलीचा.

पहिल्याच शनिवारी तिनं शेठला फोन केला होता. तो म्हणाला, "ताई, आपलं घरचं. काम संपलं की एकदम देतो. एकदम मिळाले तर तुमच्या भिंतीला गिलावा तरी होईल. का मजुरांसारखं दर आठवड्याला मोजून घेणार?"

मजुरांसारखं, हा शब्द बरोबर जिथं लागायला हवा तिथं लागला. "छे! मी आपलं सहज विचारलं," थोरली म्हणाली.

गवंड्याच्या घराला आतून गिलावा नव्हता. दुसऱ्यांची घरं गुळगुळीत करता करता स्वतःचं राहून गेलं होतं. उघड्या विटांना अंग लागलं की कपडे लाल व्हायचे, आणि भिंतीच्या फटींतून मुंग्या अशा ये-जा करायच्या जशी वाट त्यांच्यासाठीच सोडली आहे. शिडीनं एकदा विचारलं, "तुमचं झालं का घेऊन?" थोरली म्हणाली, "आमचं आधीच झालं."

घरी गवंड्यानं विचारलं, "आपलं मागितलंस?"

"मागायला आपण मजूर आहोत?"

गवंडी सिमेंटनं खाल्लेल्या बोटांना तेल लावत होता. "मग कोण आहोत?"

थोरलीनं भांडी जरा जोरात घासली.

भिंती छपराच्या उंचीला आल्या आणि पिशवी हलकी झाली. एका शनिवारी अर्धेच पैसे आले. "कंपनीनं अडकवलंय, ताई," म्हणून धाकटी स्कूटर वळवून गेली. त्याच्या पुढच्या शनिवारी पिशवी आलीच नाही. त्या दिवशी हातगाडीवरून पलीकडे मोठा कूलर आला, आणि तो दारातून आत जाईना म्हणून दाराची एक फळी काढावी लागली. थोरलीनं हे सगळं गोदामावर जायच्या आधी, दात घासता घासता पाहिलं.

कामावर संध्याकाळी माणसं थप्पीपाशी जमली. सळया बांधणारा सळईवाला, आणखी दोन गवंडी, बिगारणी. थप्पीवर थोरली नव्हती. ती घरी गेली होती, आणि आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती. बसली, फडकं सारखं केलं आणि म्हणाली, "या वेळेला सगळ्यांना थोडं थोडं. बाकीचं पुढच्या शनिवारी."

गवंडी हाका मारत होता. मारता मारता त्याची नजर नोटांवर गेली. चार घड्या घातलेल्या नोटा. त्याच्या घरात पैसे डब्यात मावावेत म्हणून असेच चार घड्यांत घालत. गिलाव्याच्या वाळूसाठी, सिमेंटसाठी, वर्षभर साठवलेल्या त्या नोटा एकेक करून दुसऱ्यांच्या मुठींत जात होत्या. त्यानं बायकोकडे बघितलं. तिनं बघितलं नाही.

"पुढचा," थोरली म्हणाली. गवंड्यानं पुढची हाक मारली. त्याचा आवाज थोडा बसला होता, पण दिवसभर सिमेंट खाल्लेल्या माणसाचा आवाज बसला तर कोण विचारणार?

त्यानंतरच्या शनिवारी घरच्या डब्यातही काही नव्हतं.

"बाई, आता काय?" सळईवाल्यानं विचारलं.

"मिळतील. पळून चाललेय का मी? मी आहे ना! माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे," शिडी म्हणाली. "म्हणून तर तुझ्याकडे मागतोय."

थोरलीला ते बोलणं, खोटं कशाला सांगा, बरं वाटलं.

मंगळवारी सरकारी जीप आली. मजूर खात्याची अधिकारीण उतरली. बुटकीशी बाई, हातात पाण्याची बाटली. बरोबर एक पोलीस. त्यानं आधी सावली शोधली. कंपनीचा साहेब गळ्यातला पट्टा बोटाभोवती गुंडाळत म्हणाला, "आम्ही रोख दिलेत मॅडम. कुणी घेतले ते आम्ही कशाला बघू?"

"तुम्हालाही बघावं लागेल," ती म्हणाली. "तुमची पाळी नंतर." मग तिनं सगळ्यांना अर्धवट छपराखाली बसवलं.

"तुमच्यातल्याच कुणीतरी तक्रार केली आहे. चांगलं केलं. नीट ऐका. केलेल्या कामाची मजुरी दाबून ठेवणं हा आता गुन्हा आहे. परवाना नसताना माणसं कामाला लावणं हा दुसरा गुन्हा. पूर्वी दंड भरून सुटायचे. आता तुरुंग. मला दोनच गोष्टी सांगा. तुम्हाला कामावर कुणी बोलावलं, आणि पैसे कोण द्यायचं?"

सळईवाला उठला. "गवंड्यानं बोलावलं. पैसे गवंडी आणि बाई द्यायचे."

दुसरा उठला. तेच. तिसरी उठली. तेच. शिडी सगळ्यांत शेवटी उठली; ती उठली की बाकीचे बसल्यासारखे दिसायचे. तिनं थोरलीकडे एकदा नीट बघून घेतलं. "बाईच द्यायच्या. वर बसून. अर्धा दिवस कापायच्यासुद्धा."

अधिकारिणीनं गवंड्याला पुढे बोलावलं. तो परांचीवरून उतरला होता तसाच, हातात थापी.

"परवाना आहे?"

"कशाचा?"

"ठेकेदारीचा."

गवंड्यानं थापीकडे बघितलं. तिला माल चिकटला होता. तो त्यानं अंगठ्यानं पुसला. "बाई, मी गवंडी आहे."

"सगळे म्हणतात तुम्ही ठेकेदार आहात. तुम्ही माणसं आणली, तुम्ही पैसे दिले, आणि आता देत नाही. मागच्या वेळेला थोडे तुम्ही घरून दिलेत म्हणे. ठेकेदारच देतो घरून. दुसरं कुणी असेल तर उद्या दुपारपर्यंत समोर आणा. नाहीतर तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्यानं आयुष्यात कुणाची वीटसुद्धा उसनी ठेवली नाही, तो चोर. आणि ज्याचं नावही कुणी घेतलं नाही, तो कूलरच्या वाऱ्यात.

शेठ फोन उचलत नव्हता. थोरली संध्याकाळी रस्ता ओलांडून गेली. कामवाल्या बाईनं तिला ओट्यावर बसायला सांगितलं, शेठ जेवतायत म्हणून. थोरली उभीच राहिली. आतून वाटी खरवडल्याचा आवाज येत होता. या घाईतही तिला दिसलं, की समोरच्या खिडकीचे पडदे पुन्हा बदललेत.

शेठ हात पुसत आला. मागे धाकटी.

"कळलं मला," तो म्हणाला. "वाईट झालं. पण ताई, मी तर फक्त ओळख करून दिली होती. काम साडूबुवांनी घेतलं, माणसं साडूबुवांनी आणली, पगार तुम्ही वाटला. माझा हात कुठं लागलाय?"

"पैसे तुझ्याकडून यायचे!"

"कुणी पाहिलं? तुमची अटच होती ना, की माझं नाव मध्ये नको?" त्यानं आवाज खाली आणला. "घाबरू नका. वकील मी देतो. फार तर काही महिने. साडूबुवा आत गेले तर इकडं तुमच्या घराकडे मी बघेन. गिलावा करून देतो. आतून-बाहेरून."

थोरलीनं धाकटीकडे बघितलं. "तू पण हेच म्हणतेस?"

धाकटी पडद्याची दोरी बोटाला गुंडाळत होती. "मला काय कळतं, ताई, बाहेरच्या कामातलं? मी कधी मोजलंय का?"

घरी गवंडी अंधारून आलं तरी दिवा न लावता बसला होता. थोरलीनं दिवा लावला. तो म्हणाला, "मी जाईन."

"कुठं?"

"ते नेतील तिथं. तू उद्या काही बोलू नकोस. लोकांसमोर तुझी शोभा नको." जरा थांबून म्हणाला, "तिथंही भिंती असतीलच. गिलावा केलेल्या."

थोरलीला वाटलं, त्यानं एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे पुन्हा छपराखाली. शेठ आला होता. धुतलेला शर्ट, साक्षीदारासारखा बाजूला उभा. धाकटी फाटकापाशी छत्री धरून. अधिकारिणीनं शेठला विचारलं, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "मी नातेवाईक आहे, मॅडम. साडू आहे. त्यांना काम मिळावं म्हणून शब्द टाकला. पुढचं त्यांनी बघितलं."

"आणि पैसे?"

"ठेकेदार आधी आपला वाटा काढतो आणि मग मजुरांचा. ते काय मी सांगायला हवं?" तो हसला. "या सगळ्यांना विचारा. ताई स्वतः सांगायच्या, आमचं आधीच झालं म्हणून."

सळईवाल्यानं मान हलवली. शिडीनंही.

"काय हो?" अधिकारीण गवंड्याला म्हणाली. "तुम्ही किती ठेवलेत स्वतःला?"

थोरलीला कळलं, हा बोलणार नाही. मान खाली घालून पोलिसाच्या मागून जीपमध्ये जाऊन बसेल, जसा रोज परांचीवर चढतो तसा. एक वाक्य तिच्या घशात होतं. ते ती नवऱ्याजवळ बोलली नव्हती, आरशासमोर बोलली नव्हती. समोर बिगारणी बसल्या होत्या, ज्यांनी तिला बाई म्हटलं होतं. फाटकाशी छत्रीच्या सावलीत धाकटी. दुसऱ्या कुणासमोर ती बोलली असती. पोलिसासमोर, न्यायाधीशासमोर, खुशाल. पण छत्रीखालच्या त्या बाईसमोर?

पोलिसानं गवंड्याच्या दंडाला हात लावला.

"आम्हाला काही मिळालं नाही," थोरली म्हणाली.

"मोठ्यानं बोला."

"आम्हाला काही मिळालं नाही! जोतं भरल्यापासून एक पैसा नाही. यांना नाही, मला नाही. सगळ्यांना मिळत होतं तेव्हाही आम्हाला नव्हतं मिळत." आता तोंड उघडलं तसं बंद होईना. "आमचं आधीच झालं, ते खोटं. मी खोटं सांगत होते. शेवटी वाटले ते आमच्या घरचे, भिंतीसाठी ठेवलेले. पिशवी माझी नव्हती. मी नुसती वर बसत होते."

वर कुठंतरी पत्रा उन्हानं तडकला. मग शिडीला हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळं.

"म्हणजे बाई, तू आमच्याहून खालची?"

"हो."

"अर्ध्या दिवसाचे पैसे कापून घेणारी, आणि तुझा सगळा उन्हाळा कापलेला?"

"हो, म्हटलं ना!"

शिडीचं हसू थांबलं. ती उठली, डोक्याचं फडकं झटकलं आणि अधिकारिणीला म्हणाली, "मॅडम, काल सगळ्यांनी सांगितलं, पैसे कुणी दिले. पिशवी कोण आणायचं, ते नाही सांगितलं. राग होता आम्हाला हिचा. ती बघा, छत्री. दर शनिवारी स्कूटरवरून तीच आणायची. आणि काम थांबलं की शिव्या द्यायला हा शेठ यायचा. आम्हाला काय डोळे नाहीत?"

"मी पाहिलंय," सळईवाला म्हणाला. आणि मग जे काल एकामागून एक उठले होते तेच आज एकाच वेळी बोलू लागले, आणि अधिकारिणीला पाण्याची बाटली ब्लॉकवर आपटून त्यांना गप्प करावं लागलं. धाकटीला तिनं जवळ बोलावून एकच प्रश्न विचारला. धाकटीनं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग वाळूकडे. "मला ते द्यायला सांगायचे," ती म्हणाली. "मी आणायचे." तिला खोटंही नीट मोजून सांगता आलं नाही.

शेठ बराच वेळ बोलत होता. परवाना काढायला टाकलाय म्हणाला, कंपनीनं फसवलं म्हणाला, साडू म्हणजे भावासारखा म्हणाला. पोलिसानं ऐकून घेतलं आणि जीपचं दार उघडलं. अधिकारीण कंपनीच्या साहेबाला म्हणाली, "ठेकेदार पळाला तरी मजुरी बुडत नाही. ती तुमच्याकडून. या शुक्रवारी, माझ्यासमोर, प्रत्येकाच्या हातात." मग थोरलीकडे वळली. "तुम्ही दोघं मजूर. रांगेत उभे राहा. आणि परत कुणाची पिशवी मांडीवर घेऊ नका."

"ये," शिडी म्हणाली. "माझ्या मागं उभी राहा. पुढं नको. पुढं उभी राहिलीस तर मोजायला लागशील."

शुक्रवारी रांग लागली. थोरली शिडीच्या मागे उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा तिनं नोटा घेतल्या, आणि सगळ्यांच्या समोर थुंकी लावून मोजल्या. गवंडी म्हणाला, "चल." त्या दोन दिवसांत तो तिच्याशी बोलला तो हा पहिला शब्द. तो रागाचा नव्हता. मायेचाही नव्हता. कामाला जाताना म्हणतात तसा होता, आणि तेवढ्यावरही तिनं पाऊल उचललं.

संध्याकाळी थोरलीनं बघितलं तर पलीकडे माणसांचं मोहोळ. शेठला जामीन मिळाला नव्हता. सगळ्या गल्लीतल्या बायका धाकटीच्या ओट्यावर जमल्या होत्या. कुणी पाणी देत होतं, कुणी पाठीवरून हात फिरवत होतं, कुणी जेवणाचा डबा आणला होता. काल-परवा गवंड्याला नेणार असं गावभर झालं होतं, तेव्हा अलीकडच्या दारात कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं. थोरलीच्या पोटात जुनं दुखणं उठलं. दुःखसुद्धा हिलाच केवढं मोठं मिळावं! आणि रडतानासुद्धा कशी दिसते बघा. आपण रडलो की नाक सुजतं.

तरी ती गेली. सख्खी बहीण होती. बायकांनी वाट दिली. काहींनी तोंड फिरवलं. धाकटी भिंतीला टेकून बसली होती. मागे कूलर बंद होता, जीपची जागा रिकामी होती. थोरली तिच्या शेजारी बसली. काय बोलावं ते तिला सुचेना. मी सांगितलं म्हणून त्याला नेलं, असं म्हणावं, तर ते दोघींनाही ठाऊक होतं.

धाकटीनं तिच्याकडे बघितलं. थोरलीच्या भेगाळलेल्या हातांकडे बघितलं. रस्त्याच्या पलीकडे उघड्या विटांच्या त्या घराच्या उंबऱ्यात गवंडी बसला होता, पायांतले बूट काढत, तिकडेही बघितलं. तिचा ऊर भरून आला.

"तुझं बरं आहे गं, ताई," धाकटी म्हणाली.

थोरलीचा हात धाकटीच्या पाठीवर जाता जाता अधांतरी थांबला.

ऐकू नीट आलं होतं. एकेक अक्षर आलं होतं. तरी ती जरा पुढे झुकली आणि तिनं विचारलं,

"काय म्हणालीस?"